दिलदारभाईचा कोडोलीतला मुटका

...न्हाय, मला एक सांगा, गप बसायला काय लागतं ओ माणसाला? तोंड हाय ते मिटायचं, झालं की! त्याला काय लायसन लागतंय, का आधार कार्ड लागतंय? पर न्हाय! आमच्या दिलदारभाईला पस्तीस वर्षांत ते जमलं न्हाय, आणि मग ह्या मे महिन्यात, भर दुपारच्या उन्हात, कोडोलीत एका विहिरीच्या काठावर, पँट गुडघ्यापातूर दुमडून, शंभर माणसांच्या म्होरं उभं ऱ्हायची पाळी आली. आणि शेजारी कोण? मी! मी कशाला? तर माझ्याकडं गाडी हाय म्हणून!

तुमास्नी सांगतो, दिलदार मुजावर म्हंजे उचगावातला नामी टेलर. माझं सायकलचं दुकान, त्याला लागूनच ह्याचं शिलाईचं. मधी एक पत्रा. त्यामुळं तिकडं काय बोलालेत ते मला सगळं ऐकू येतं, नको असलं तरी येतं. आणि तिकडं बोलणं काय? एकच! कोडोलीचा मुटका!

मुटका ठावं हाय न्हवं? गुडघं पोटाशी घ्यायचं, अंगाचं गाठोडं करायचं आणि वरनं धाडदिशी विहिरीत आदळायचं, काठावरची माणसं भिजली पायजेत. तर भाई मूळचा कोडोलीचा. सोळा वर्षाचा असताना तितल्या मगदुमांच्या विहिरीत, उंबराच्या फांदीवरनं ह्यानं मुटका मारलता. मारला तर मारला, आमचं काय म्हणणं न्हाय. पर गिऱ्हाईक शर्टाचं माप द्यायला उभं ऱ्हायलं की ह्याचं सुरू, "हात वर करा पावणं... हां, आस्संच! आस्संच हात वर करून मी फांदीवर उभा हुतो. खाली सगळा गाव. कुणाची छाती हुईना. मी म्हटलं, या अल्ला... आणि दिला झोकून!" ते गिऱ्हाईक बिचारं हात वर करून तसंच. खाली घ्यावं का नको? गोष्ट संपल्याबिगार माप संपायचं न्हाय, आणि गोष्ट कवा संपती म्हणता? एका शर्टाला वीस मिनटं!

आणि त्या फांदीची उंची! मी सायकलचं दुकान घातलं तवा ती फांदी पंधरा फूट हुती. भाईच्या पोरीचं, सलिमाचं, गडहिंग्लजला लगीन झालं तवा पंचवीस झाली. लॉकडाऊन उठला आणि बघतोय तर चाळीस! मी एकदा विचारलं बी, "भाई, झाड वाढालंय काय ओ?" तर म्हणतो कसा, "पिराजी, उडी मारताना माणूस टेप घिऊन मारतो व्हय?" आता टेप गळ्यात घालून हे कोण बोलालंय? टेलर! मी म्हणतो, गप बसावं की माणसानं!

बरं, दुकानात चाललं हुतं तवर ठीक हुतं. गिऱ्हाईक ऐकतं, कापड देतं, घरी जातं. पर घरात सांगायचं काय कारण? ह्याची नात सदफ, सलिमाची पोरगी, धा वर्षाची. उन्हाळ्याच्या सुट्टीला आजोळी येती. तिला झोपताना गोष्ट कंची? मुटका. जेवताना? मुटका. पोरगी नानाच्या तोंडाकडं अशी बघत बसायची की बघणाऱ्याला वाटावं, कुणी मोठा पैलवानच म्होरं बसलाय. आणि नानाबी मग फांदी हातभर वर सरकवायचा!

ह्या सुट्टीत भाईनं तिला कोल्हापुरात पवायच्या क्लासला घातलं. पंधरा दिसात पोरगी मासोळीगत पवाय लागली. सगळं ब्येस. पर क्लासच्या शेवटच्या रविवारी सगळ्या पोरांनी आईबापांच्या म्होरं फळीवरनं उडी मारायची असती. फळी किती उंच? सहा फूट. ही फळीवर चढली, खाली बघितलं आणि उतरली. परत चढली, परत उतरली. असं तीन दिस. चौथ्या दिशी म्हणती, माझ्या पोटात दुखालंय. मी न्हाय जाणार.

दुपारी ती दुकानात आली, कापडाच्या चिंध्यांवर बसली. मी पलीकडं ट्यूबचं पंक्चर काढत हुतो. पत्र्यातनं मला आवाज आला, "नाना, मी तुझ्यासारखी न्हाय."

"कशी न्हाईस बेटा?"

"तू चाळीस फुटावरनं मारलास. तुला भ्या वाटलं न्हाय. मला सहा फुटाचं वाटतंय. मी भित्री हाय. नाना, हे मम्मीला सांगू नको."

शिलाईचं मिशन थांबलं. तुमास्नी सांगतो, पस्तीस वर्षांत त्या दुकानातलं मिशन दिवसाउजेडी एवढा येळ कवा थांबल्यालं मी ऐकलं न्हवतं. मला वाटलं आता भाई काय तरी चांगलं बोलणार. पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवणार, दोन शब्द सांगणार. आणि हा गडी म्हणतो काय? "रडतीस कशाला? उद्या तुला कोडोलीला न्हेतो. तीच विहीर, तीच फांदी. परत मारून दावतो!"

अरे! अठ्ठावन्न वय, बी.पी.ची गोळी चालू, गुडघ्याला पट्टा! हितं... निदान हितं तरी गप बसावं की माणसानं!

झालं. सकाळी माझी व्हॅन काढली. म्होरं भाई, मागं नात आणि भाईची बायको नसरीनभाभी. भाभीनं एकदाच विचारलं, "कायकू जाताव जी?" आणि पदर सावरून खिडकीतनं ऊस बघत बसली. आणि तुमास्नी सांगतो, भाई वाटेत एक शब्द बोलला न्हाय! जो माणूस इस्त्री करताना बी बोलतो, तो गप! मला चैन पडंना. तीनदा च्याला थांबायला लावलं. तिसऱ्यांदा मला बाजूला घिऊन हळूच म्हणतो, "पिराजी, विहीर बुजवली असंल काय रं?"

"कशापायी बुजवतील?"

"न्हाय, आजकाल बुजवत्यात लोकं. बोअर मारत्यात. बुजवली असली तर... काय वाईट न्हाय."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, हितं काय तरी उसवल्यालं हाय.

कोडोलीत पोचलो. विहीर तितंच! बांधल्याली, कालव्याच्या पाण्यानं काठोकाठ भरल्याली, कडंला मोटारीची पाईप. उंबर बी तितंच. आणि ती फांदी... आता काय सांगू? मी हात वर केला असता तर वर उरली असती पाच-सहा फूट. सदफनं वर बघितलं, खाली बघितलं, परत वर बघितलं. म्हणाली, "नाना, चाळीस फूट कुटं हाईत?"

भाई म्हणतो, "पाणी वर आलंय बेटा."

काय बोलायचं सांगा!

एवढ्यात तितल्या मंडळाचा अध्यक्ष टपकला. बाळासो म्हणून, पंचेचाळिशीचा, एका हातात मोबाईल आणि दुसरा हात केसात. "कोण पावणं? कुटनं आला?" मी आपलं भोळेपणानं सांगून बसलो... व्हय, मी बी गप बसलो न्हाय, कबूल हाय! धा मिनटात शंभर माणूस गोळा. बाळासोनं मोबाईल उभा धरला आणि त्याचा आवाजच बदलला की ओ, एकदम निवडणुकीच्या सभेतला, "नमस्कार मित्रांनो, आज आपल्या गावचे सुपुत्र, ज्यांनी या विहिरीत ऐतिहासिक मुटका मारला, असे आदरणीय दिलदारभाई मुजावर पुन्हा एकदा..." लोकांनी शिट्ट्या मारल्या. भाईनं पँट दुमडली. काठावर उभा ऱ्हायला. मी बघितलं, त्याचं पाय थरथरालतं. माणूस पांढराफेक. त्यानं फांदीकडं बघितलं न्हाय, पाण्याकडं बघितलं न्हाय, निस्तं नातीकडं बघालता, आणि नात दोन्ही हात छातीशी धरून त्याच्याकडं.

आणि मागनं एक आवाज आला. "कोण रं त्यो काठावर?"

गोठ्याकडनं एक बाई आली. साठीची, उंचपुरी, हात शेणानं भरल्यालं. विहिरीची मालकीण, रत्नाबाई मगदूम. गर्दी बाजूला झाली. तिनं डोळं बारीक केलं आणि म्हणाली, "दिल्या न्हवं त्यो? मुजावरांचा दिल्या?"

"रत्नाक्का..." भाईचा आवाज असा आला जसा नळाचं पाणी जाताना येतो.

"आणि परत कशाला आलाईस? रडायला?"

गर्दी म्होरं सरकली. बाळासोचा मोबाईल चालूच.

"अगं आक्का, पोरगी हाय संगं, ऱ्हाऊ दे," भाई पुटपुटला. पर रत्नाबाई कुणाचं ऐकणारी व्हय? कोल्हापूर जिल्ह्यातली बाई ती! म्हणाली, "ऱ्हाऊ दे काय? ह्यो गडी त्या फांदीला मिठी मारून अर्धा तास बसलता, मांजरागत! पैज लावून चढला आणि वर गेल्यावर उतरता ईना. आईच्या नावानं बोंबलालता. खाली पोरं हसून बेजार. मला म्हशी पाण्यावर घ्यायच्या हुत्या, आणि ह्याच्या बोंबलण्यानं म्हशी बिथरालत्या. मी किती येळ थांबणार? गेलो वर, आणि दिला ढकलून!"

देवा! काय हसली माणसं! एक म्हातारा तर हसता हसता खालीच बसला. मी नसरीनभाभीकडं बघितलं, तिनं पदर तोंडाला लावल्याला, आणि खांदं हलालतं. आणि भाई? भाई काठावर तसाच उभा. मला पुढं त्यानं सांगितलं, "पिराजी, मला शंभर माणसांची लाज न्हाय वाटली. मला वाटलं, आता पोरगी परत माझ्या तोंडाकडं तशी बघणार न्हाय." बेचाळीस वर्षं त्यानं ती फांदी एकेक फूट उचलून वर न्हेलती, आणि एका बाईनं शेणाच्या हातानं ती खाली आणून ठेवली.

सदफ म्होरं आली. त्याचा शर्ट धरला. "नाना, तू भ्यालतास?"

भाईनं गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग काठावरनं उतरला, तिच्या म्होरं उकिडवा बसला. "व्हय," म्हणाला. "लई भ्यालतो. आज बी भ्यालोय. हे बघ पाय."

तिनं पायावर हात ठेवून बघितलं. खरंच थरथरालतं.

"आणि पाण्यात पडल्यावर?"

"पाण्यात पडल्यावर..." भाईचं तोंडच बदललं ओ. "पाण्यात पडल्यावर लई मज्जा आली, बेटा. नाकात पाणी गेलं, कानात गेलं, आणि वर आलो तवा मी हसालतो. तेवढं खरं हाय. अल्लाची शपथ, तेवढं खरं हाय."

पोरगी हसली. अशी हसली की मला वाटलं, कालची पोटदुखी त्या विहिरीत गेली. रत्नाबाईनं आमास्नी जेवल्याबिगार सोडलं न्हाय. आमटी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ताक. वाढताना भाईला म्हणाली, "वाईट वाटून घिऊ नको गा दिल्या. पर ढकलला म्हणून उडी झाली, न्हाईतर आजून वरच असतास." भाई म्हणाला, "व्हय आक्का," आणि भाकरी मोडली.

रविवारी मी बी गेलतो क्लासच्या पवायच्या टाकीवर, दुकान बंद ठेवून. सदफ फळीवर चढली. खाली बघितलं. आणि सगळ्यांच्या म्होरं, मोठ्यानं म्हणाली, "सर, मला भ्या वाटालंय. जरा थांबा." सर थांबलं. आईबापं थांबली. आमच्या भाईनं माझा दंड असा धरलता की चार दिस निळा हुता. आणि पोरीनं मारली! पोटावर आदळली, फट्टदिशी आवाज आला, सगळी टाकी 'आई गं' म्हणाली. पर वर आली ती हसत. नसरीनभाभी टाळ्या वाजवालती, आणि भाई डोळं पुसत मला म्हणतो, "क्लोरीन लई घालत्यात रं हितं."

आता तुमी म्हणशीला, झालं की सगळं चांगलं, मग तुमची तक्रार काय? ऐका की! भाईनं ठरवलं, आता खरं सांगायचं. गिऱ्हाईक आलं, हात वर केलं, की हा सांगतो, "पावणं, मी मुटका मारला न्हवता. मला एका पोरीनं ढकललं." शिलाईपेक्षा मोठं काम केलं बिचाऱ्यानं. आणि त्याच आठवड्यात बाळासोनं त्याचा व्हिडिओ सोडला. रत्नाबाई कापल्याली! थरथरणारं पाय कापल्यालं! ऱ्हायलं काय? काठावर उभा दिलदारभाई, मागं ढोल-ताशा, आणि शेवटाला कुणाच्या तरी दुसऱ्याच माणसाची उडी चिकटवल्याली! पन्नास हजार लोकांनी बघितला. आता भाईनं खरं सांगितलं की गिऱ्हाईकं हात वर असतानाच एकमेकाला म्हणत्यात, "बघा, केवढा मोठा माणूस! एवढा मुटका मारून बी जरा गर्व न्हाय!"

भाईनं वैतागून रत्नाबाईला फोन लावला, स्पीकरवर टाकला, गिऱ्हाइकाच्या म्होरं. म्हणाला, "आक्का, सांग ह्यास्नी, तू ढकललंस का न्हाय?" तर तिकडनं रत्नाबाई काय म्हणती? "आता हाय ते ऱ्हाऊ दे की रं! माझी विहीर बघायला माणसं यायला लागलीत. जावयाकडची माणसं बी गाडीतनं आली परवा. गप बस की!"

आता सांगा! पस्तीस वर्षं ज्याला गप बस म्हणालतो, तो खरं बोलाय लागला आणि सगळं जग त्याला म्हणालंय, गप बस!

काल सकाळी आमच्या चौकात तरुण मंडळानं फ्लेक्स लावला. वीस फुटी. त्यावर काठावर उभा भाई, मागं आकाश, आणि खाली अक्षरं, 'मुटका सम्राट'. भाई दुकान उघडायला आला, बघितलं, आणि तितंच उभा ऱ्हायला. मी जवळ गेलो. म्हटलं, "भाई, आता काय करायचं ओ?"

लई येळ वर बघितलं त्यानं. मान तिरपी केली. मग म्हणाला,

"शर्टाची कॉलर तेवढी चांगली बसलीया."