योसेफाच्या पेटीचे दांडे

बसा मंडळी, बसा! पाय लांब केलेत तरी चालतील, आज कुणाला काही बोलणार नाही. दिवसभर कांदा काढून आलात, कंबर कुठं आहे आणि आपण कुठं आहोत याचा पत्ता नाही — ते बसण्यावरूनच कळतंय! डुलकी आली तर खुशाल घ्या. फक्त घोरू नका, तबलजीचा ताल चुकतो. मीही थकलोय. गावोगाव उभं राहून राहून पायांच्या पोटऱ्या दगड झाल्यात. तेव्हा आजचं आख्यान थकलेल्या माणसांचं आहे आणि थकलेल्या माणसांसाठीच आहे.

आधी प्रश्न. ऐका हं! आजोबानं शब्द दिला. आजोबा गेला. नातवाला कुणी विचारलं नव्हतं, तो बिचारा जन्मलाही नव्हता! आणि तो शब्द पाळायचा कुणी? नातवानं! ओझं कुणाच्या खांद्यावर? नातवाच्या! हा न्याय आहे का, मंडळी? सांगा की! ... पुरुष गप्प बसलेत. बाया हसतायत. घरातली असली ओझी शेवटी कुणाच्या डोक्यावर येतात, ते त्यांना चांगलं ठाऊक आहे!

खांद्यावर ओझे । तुझे की ते माझे ।
सांग देवराया । थकलो मी ॥

चला, अरण्यात जाऊ. इस्राएल लोक मिसर देशातून सुटले. फारो राजाच्या विटा सुटल्या, मुकादमाचा चाबूक सुटला, समुद्र दुभंगला, पलीकडच्या काठावर डफ वाजले, बायका नाचल्या — इथवरची गोष्ट तुमच्या पोरांनासुद्धा पाठ आहे. पण नाच झाल्यावर पुढं काय? चालणं, मंडळी! नुसतं चालणं! वरात एका संध्याकाळची असते आणि संसार जन्माचा असतो, तसं झालं ते. वर वाळू तापलेली, खाली वाळू तापलेली — नाही, चुकलो, वर सूर्य! बघा, माझंही डोकं चालेनासं झालंय.

आता त्या गर्दीत एक वस्तू होती, तिच्याकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. एक पेटी. — ही नव्हे हो पेटीमास्तर, तुमची पेटी तुमच्याजवळच राहू द्या! — लाकडाची लांब पेटी, आणि तिच्यात योसेफाची हाडं. योसेफ कोण? ज्याला त्याच्याच भावांनी विकला, जो पुढं मिसरचा कारभारी झाला आणि दुष्काळात ज्यानं त्याच भावांना पोटभर जेवू घातलं, तो. मरताना त्यानं सगळ्यांना शपथ घातली. म्हणाला, देव तुम्हाला एक दिवस इथून नेणार आहे. नेईल तेव्हा मला मागं टाकू नका, माझी हाडं बरोबर घ्या. सगळे म्हणाले, हो बाबा, घेऊ. आणि म्हणणारे मेले! त्यांची पोरं मेली, नातवंडं विटा थापता थापता मेली. शब्द मात्र मेला नाही. तो हिंडत हिंडत येऊन बसला शम्माच्या खांद्यावर.

हा शम्मा योसेफाच्याच वंशातला. वय उतरणीला लागलेलं, बायको मिसरातच गेलेली, मूलबाळ नाही. घरात तो आणि त्याची म्हातारी आई मिल्का. पेटीला दोन लांब दांडे होते, ते चौघांनी उचलायचे. शम्मा पुढं, उजव्या अंगाला. त्याच्या खांद्याला बैलाच्या मानेला पडतो तसा घट्टा पडला होता. आणि चौघं म्हणजे चौघंच हं! पाचवा कधी जवळ यायचा नाही. मेलेल्याची पेटी ना! शिवलं की विटाळ, मग छावणीबाहेर राहा, आंघोळी करा. लोक लांबून हात जोडायचे आणि रस्ता बदलायचे. मान सगळ्यांनी द्यायचा, खांदा चौघांनी द्यायचा!

त्यातून देवाची रीत कशी? छावणीवर ढग. ढग बसला की बसायचं, ढग उठला की उठायचं. किती दिवसांसाठी बसला? कुणाला ठाऊक! कधी आज तंबू ठोकला की उद्या उपटायचा. कधी महिने जातात. आणि खायला रोज मान्ना, म्हणजे देवानं आभाळातून पाडलेला दाणा. सकाळी मान्ना, संध्याकाळी मान्ना. आपल्याकडं लागोपाठ दोन दिवस पिठलं झालं तर आपण ताट सरकवतो, आणि त्यांना नावं ठेवतो, कुरकुरे लोक म्हणून!

मिल्काचे गुडघे गेले होते. उभा जन्म चिखल तुडवून विटा पाडलेल्या, आणखी काय होणार? एक गाढव होतं, त्याच्यावर बसून ती यायची. ते गाढव एका मुक्कामावर मेलं. शम्मानं त्याच्याकडं पाहिलं आणि मनात म्हणाला, सुटलास बाबा.

पण त्या मुक्कामावर ढग जो बसला, तो हलेचना. दिवसांमागून दिवस गेले. लोकांनी चुली लिंपल्या, दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले. ऊन असं, की तंबूत म्हातारीचा जीव घुसमटायचा. बाहेर सावली करावी तर रानात लाकूड नाही. झाडच नाही तर लाकूड कुठलं? शम्माची नजर पेटीकडं गेली. दांडे नुसते पडून होते. त्यानं दांडे सोडवले, वाळूत रोवले, वर घोंगडी ताणली आणि आईला खाली बसवलं. म्हातारी म्हणाली, "आत्ता कुटं जिवात जीव आला रं बाबा."

चुकला का शम्मा? पेटीचे दांडे काढून आईला सावली केली, यात चूक ती काय? बाकीच्या तिघांनी पाहिलं, कुणी ब्र काढला नाही. यामीन म्हणून त्याचा जोडीदार होता, डाव्या अंगाचा. त्यानं तर एका दांड्याला आपला सदरा लटकवला! पण मंडळी, चूक तिथंच झाली. निघायचंय, हेच ते विसरले. दांडे काढलेली पेटी म्हणजे चाकं काढलेली गाडी.

एका सकाळी कर्णे वाजले. लोकांनी वर पाहिलं — ढग उठला! झाली धावपळ! दोऱ्या सोडा, तंबू गुंडाळा, पोरं मोजा, शेरडं हाका! यामीन पळत आला.

"शम्मा, दांडे काढ."

शम्मा सावलीबाहेर बसला होता. उठला नाही.

"न्हाई काढनार."

"अरं, लोकं निघाली!"

"निघू दे. दांडे काढले तर आई उनात. आईला पाठीवर घेतली तर पेटी खाली. मला पाठ एकच हाय, यामीन. मेल्याला वाहून न्यायाचा आन जित्या आईला वाळूत टाकायची, असं कोन्या देवानं सांगितलंय?"

आता तुम्हाला वाटेल, यामीन चिडला असेल. नाही! तो हळूच शेजारी बसला. घाम पुसला. म्हणाला, "खरं सांगू? माझाबी खांदा गेलाय. रातच्याला हात वर हुत न्हाई." मागचे दोघे आले, तेही बसले. कुणीतरी म्हणालं, "हितंच पुरू त्याला. चांगली जागा हाय." जागा कसली चांगली? खडक आणि वाळू! पण थकलेल्या माणसाला कुठलीही जागा चांगलीच दिसते. चौघं उठले आणि खड्डा खणायला लागले.

मंडळी, पाप दर वेळी दात विचकत येत नाही हो. पुष्कळदा तेही दमलेलं असतं. येऊन शेजारी बसतं, पाठीवर हात ठेवतं आणि म्हणतं, पुष्कळ केलंस, आता पुरे.

खणण्याचा आवाज मिल्काच्या कानावर गेला.

"काय खनताय रं?"

"काय न्हाई आई. राख पुरतोय चुलीची."

"एवढी राख?" म्हातारी म्हणाली. "शम्मा, गुडघे गेलेत माझे. डोळे न्हाई गेले."

शम्मा कुदळ टाकून तिच्यापुढं येऊन बसला. मान खाली. पोटच्या पोरानं काय ठरवलंय ते आईला सांगावं लागलं नाही. तिनं त्याच्या हातांवरची माती झटकली. मग म्हणाली:

"मी पोर हुते तवाची गोष्ट. मुकादम रोज म्हनायचा, हितंच जन्मला तुमी, हितंच मरनार. रोज ऐकून ऐकून खरं वाटाया लागतं रं. तर माझी आई सांच्याला विटांवरनं आली की मला या पेटीपाशी न्यायची. चिखलाच्या हातानं माझा हात धरायची आन पेटीवर ठिवायची. म्हनायची, पोरी, हा एवढा मोटा मानूस. राजाच्या मांडीला मांडी लावून बसनारा. त्योसुदिक हितं पुरून घ्यायला तयार न्हाई. म्हंजी जायाचंय आपल्याला. बग, सामान बांधून ठिवलंय."

म्हातारीला धाप लागली. पाणी प्यायली.

"आमच्या घरात देवाचं दुसरं काय बी नव्हतं, शम्मा. ही पेटी हुती. तिच्याकडं बगून माझी आई जगली, मी जगले आन तू जन्मलास. पुरायचंच आसंल तर मला पूर त्या खड्ड्यात. खड्डा तयारच हाय."

शम्मा रडला. चांगला हुंदके देऊन रडला, चारचौघांत. "आई, मला दोन्ही झेपत न्हाई गं. खरंच झेपत न्हाई."

म्हातारीनं पेटीकडं पाहिलं. मग पोराकडं. म्हणाली, "दोन येगळी वझी कशापायी करतुस? मला त्याच्यावर बसीव की."

अहो, सगळे गार! तेवढ्यात तिथं आला एलीदाद. हा त्यांच्यातला वडीलधारा. प्रत्येक मंडळीत एक एलीदाद असतो हं — इकडं तिकडं पाहू नका, ज्याचा त्याला कळतो! तो कडाडला, "मेल्याच्या पेटीवर जिती बाई? कुणी ऐकलंय का आसं? योसेफाचा अपमान हाय हा!"

मिल्का म्हणाली, "दादा, यानं दुष्काळात आपल्या म्हाताऱ्या बापाला आनाया गाड्या धाडल्या हुत्या. पायी ये म्हनला न्हाई. म्हातारं मानूस कसं न्यायाचं, ते याला तुमच्यापरीस जास्त ठावं हाय. आन तरी तुमाला पटत नसंल तर इचारा त्यालाच. नको म्हनला तर उतरते मी!"

आधी यामीन हसला. मग मागचे दोघे. मग डोळे पुसत पुसत शम्मासुद्धा हसला. किती महिन्यांनी हसले असतील बिचारे! दांडे उपटले, पेटीला बांधले. घोंगडी वर अंथरली, म्हातारीला बसवली, ओढणीनं कमरेशी बांधली. आणि चौघांनी खांदा दिला.

हलकी झाली का पेटी? देवदूतांनी खालून हात लावला का? नाही हो! जड झाली! खोटं कशाला सांगू? एक म्हातारी वाढली, तेवढी जड झाली. थोडं अंतर गेले नाहीत तोच शम्माचे पाय लटपटायला लागले. घाम डोळ्यांत उतरला. त्याला वाटलं, आता पडतो आणि आईला, योसेफाला, सगळ्यांनाच पाडतो.

पण पेटीवर आता तोंड होतं ना! हाडं हाक मारत नाहीत, म्हातारी मारते. "आरं ए, तू कुनाचा? तुज्या आज्जीच्या बाळंतपनाला मीच हुते!" "काय गं, तुजं पोर रांगाया लागलं का?" जे लोक वर्षानुवर्षं त्या पेटीपासून अंग चोरून चालले, ते जवळ यायला लागले. बोलता बोलता बरोबर चालायला लागले. आणि चालता चालता एकानं शम्माचं वाकलेलं अंग पाहिलं, जवळ येऊन पुटपुटला, "सरक."

कोण होता? एलीदाद! तोंड अजून वाकडंच होतं. पण खांदा सरळ दिला त्यानं. त्याला पाहून दुसरा आला, मग तिसरा. विटाळ धरायचा तर धरू, म्हणाले, रात्री आंघोळी करू. शम्मा बाजूला झाला. मोकळा खांदा चोळत पेटीच्या कडेनं चालत राहिला, आईचा हात धरून.

पुढं काय झालं? पुढं मिल्का त्याच अरण्यात मेली. शम्माही मेला. देवानं कबूल केलेला कनान देश दोघांनीही पाहिला नाही. शेवटी तिथल्या शखेम गावात ज्यांनी ती पेटी मातीत ठेवली, त्यांतल्या बहुतेकांचा ती मिसरातून उचलली तेव्हा जन्मही झाला नव्हता. न्याय आहे का, विचारलं होतं मी. शम्माला विचाराल तर तो म्हणेल, न्यायबिय मला कळत नाही बुवा, जरा खांदा बदला.

आणि आता आपलं. देवाचे लोक, देवाचे लोक म्हणून आपण टाळ कुटतो. छान! इथं येण्याआधी मी मागच्या आळीत तान्हाआजीकडं चहाला थांबलो होतो. हे मंदिर बांधताना ज्या बायांनी विहिरीवरून डोक्यावर पाणी आणून भिंती भिजवल्या, त्यांतली ती एकटी उरलीय. मांडीचं हाड मोडल्यापासून तिनं या मंदिराचा उंबरा पाहिलेला नाही. आज पांढरं लुगडं नेसून, केस विंचरून खाटेवर बसलीय. मला विचारत होती, "म्हाराज, आज कोनी न्याया येतंय का हो?"

मी काय उत्तर देऊ? तिनं भिजवलेल्या भिंतींना टेकून आपण बसलोय, मंडळी! योसेफाच्या पेटीला हात जोडणारे पुष्कळ होते. इथंही पुष्कळ आहोत.

शेवटचं भजन राहिलंय. ते मी आत्ता म्हणत नाही. टाळ खाली ठेवा. खाट हलकी आहे, आजी त्याहून हलकी आहे. चौघं उठा. दमलात, ठाऊक आहे मला. सगळेच दमलोय. जा, घेऊन या तिला. तोवर मी इथं असाच उभा आहे.