काजळपंथाची माघार

नाही, पण मला सांगा, छत्तीस वर्षं ज्या माणसानं लिफ्टमध्ये अडकलेल्यांना बाहेर काढलं, त्याला एका रविवारी एकदम सांगायचं, 'बाबा, आजपासून तू दुष्ट आहेस'... ही काय पद्धत झाली? बरं, सांगणारी कोण, तर पोटची पोरगी! आणि दुष्ट म्हणजे साधासुधा नाही, काजळपंथाचा सरदार! हाताखाली चाळीस सैनिक, एक काळा किल्ला, आणि काम काय, तर दीपरक्षक नावाच्या सज्जन मंडळींचा नायनाट!

खेळ आहे हो, खेळ. टेबलावर नकाशा पसरायचा, ज्यानं त्यानं आपापलं सोंग घेऊन बोलायचं, मी तलवार उपसतो, मी मंत्र म्हणते... आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. बाकी पाऊसपाणी, राक्षस, पूर, तो सगळा सूत्रधाराचा अखत्यार. सूत्रधार म्हणजे आमची मुलगी. दीपरक्षक दोन, एक दातांची डॉक्टर, ती चेटकीण, आणि एक लंबू, वाचनालयात कामाला, तो योद्धा. आधी शत्रू व्हायचा तो पोरगा लग्न करून गायब झाला, म्हणून माझी वर्णी! आणि आमच्याचकडे का, तर आमचं टेबल आठ जणांचं. हिच्या आईनं हौसेनं घेतलेलं. ती गेली, आणि मी त्या टेबलाच्या एका कोपऱ्यात एकटा जेवायला लागलो. एवढा नकाशा दुसऱ्या कुणाच्या टेबलावर मावेना, म्हणून पोरगी दर रविवारी घरी यायला लागली. नकाशासाठी का होईना, आली ना!

पहिल्याच दिवशी लंबू माझ्या खड्ड्यात पडला. मीच खोदलेला खड्डा, तळाला भाले! आता मी खदाखदा हसावं अशी अपेक्षा. आणि माझ्या तोंडून काय निघावं? 'घाबरू नका! दाराला हात लावू नका! सावकाश श्वास घ्या, मी पोचतोय!' आणि शिडी सोडली की हो खाली! डॉक्टरीणबाई हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बाकी. लंबू म्हणतो, 'काका, तुम्ही शत्रू आहात हो आमचे!' आणि पोरगी कपाळाला हात लावून, 'बाबा, तू दुष्ट आहेस! दुष्ट!'

आता सवय जाते का एका दिवसात? पण शिकत होतो मी. दात-ओठ खायचा सराव करत होतो आरशासमोर. माझ्या हत्यारांच्या पेटीतले चाळीस नट काढून, घासूनपुसून सैनिक म्हणून उभे केले. आणि तिसऱ्या रविवारी मी चहा ओतत असताना ही म्हणते, 'बाबा, ही मोहीम संपली ना, की मी जाणार. तिकडची नोकरी पक्की झालीय. तोवर इथूनच काम करते.' म्हटलं, तिकडे म्हणजे कुठे गं? 'विमानानं चार तास.' म्हटलं, मग काय, जवळच आहे की! आणि तुम्हाला सांगतो, चहा कपातून बशीत, बशीतून नकाशावर... राजधानी बुडाली दीपरक्षकांची, तरी माझी किटली काही सरळ होईना.

मोहीम संपली की. म्हणजे केव्हा? काजळपंथ हरला की! आणि काजळपंथ कुणाच्या हातात?... हां!

त्या दिवसापासून काजळपंथानं एक लढाई केली असेल तर शपथ! शत्रू दिसला की माघार. आधी डोंगरात, मग जंगलात, शेवटी दलदलीत. दीपरक्षक युद्धाचं आव्हान घेऊन आले, तर माझा सेनापती बहिणीच्या लग्नाला गेलेला. तहाला वकील पाठवला, त्याला वाटेत गोवर! एकदा तर त्यांनी मला नदीवर गाठलंच, तर मी त्यांचाच मोडका पूल दुरुस्त करून देत होतो, आता पूल बांधणाऱ्यावर वार कसा करणार? लंबू रडकुंडीला आला, 'काका, एकदा तरी लढा ना हो!' आणि पोरगी, 'बाबा, तू दुष्ट आहेस, लक्षात आहे ना?' म्हटलं, आहे गं, दुष्टपणा दबा धरून बसलाय! सात महिने, तुम्हाला सांगतो, सात महिने दबा धरून बसलो मी. अहो, रविवार हवा होता मला. दुसरं काय?

आणि मग एका रविवारी स्वयंपाकघरात साखरेचा डबा घ्यायला गेलो, तर ही पाठमोरी, फोनवर. 'हो सर... नाही सर, एक तारखेला नक्की... कळतंय सर, ही शेवटची मुदत... घरी जरा अडचण आहे.' घरी अडचण! घरी कोण होतं? घरी मी होतो! मीच ती अडचण!

तसाच परत येऊन बसलो, बिनसाखरेचा. नकाशाकडे बघत. आणि डोक्यात उजेड पडला. अहो, मी काय मोठा डावपेचवाला आहे? फासे तर माझे कायम दोन नाहीतर तीन पडायचे! चौथ्या रविवारीच डोंगरात घेरलं होतं मला, संपलो होतो मी... आणि एकदम दाट धुकं पडलं. पुढच्या वेळी नदीला पूर. त्याच्या पुढच्या वेळी भूकंप! मी आपला म्हणतोय, काय नशीब आहे काजळपंथाचं! अहो, पण धुकं कोण पाडतं? सूत्रधार! सात महिने मी लपत होतो, आणि ही मला लपवत होती.

दोघांनी मिळून अडकवलेली लिफ्ट होती हो ती. दार कुणीतरी उघडायला नको?

ती येऊन बसली. मी उभा राहिलो. म्हटलं, काजळपंथ बाहेर येतोय. सगळे. भर दुपारी, मोकळ्या मैदानावर! लंबूला आनंदानं ठसका लागला. मुलगी हळूच म्हणाली, 'बाबा, मला वाटतं... धुकं पडतंय.' म्हटलं, नाही, स्वच्छ ऊन आहे. ती म्हणाली, 'पूर...' म्हटलं, पूल माझा आहे, पक्का बांधलाय मी. टाक फासा.

वीस मिनिटांत संपलो. सात महिन्यांचं राज्य, वीस मिनिटांत! दीपरक्षक नाचले, आणि ती वहीतला शेवट वाचायला लागली, काजळपंथाचा सरदार धारातीर्थी... आणि पुढचं वाचताच येईना तिला. वही मिटली, माझ्याकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाली, 'बाबा... तू दुष्ट आहेस.'

गेली. विमानानं चार तास. जाताना नट डबीत भरून घेऊन गेली आठवण म्हणून, आणि तिकडून फोन, 'बाबा, एकोणचाळीसच आहेत, एक हरवला.' म्हटलं, बघतो.

बघायचं काय त्यात? मीच ठेवलाय तो, दलदलीत. नकाशा उचलला नाही मी अजून, त्याच्या कडेला ताट ठेवून जेवतो. तो बसतो लपून, मी बसतो समोर. मधूनमधून मी त्याला म्हणतो, बाहेर ये रे बाबा, आता कुणी शोधत नाही तुला. ऐकत नाही. दर रविवारी चार वाजले की दोघंही दाराकडे बघतो... आणि तुम्हाला सांगतो, इतका शहाण्यासारखा वागतोय मी हल्ली, इतका शहाण्यासारखा... पण दुष्ट म्हणायला तरी कुणी हवं ना घरात!