निकेल धाकट्याचं, क्रोम थोरल्याचं

मंडळी, मला एक सांगा. दोन भाऊ बोलेनासे झाले, तर त्याचा त्रास कुणाला? त्या दोघांना? अहो, ते तर अबोल्यावर मजेत जगतात! मग कुणाला? ऐका.

कुरणवाडीत महिपत आणि गजेंद्र पांचाळ, सख्खे भाऊ. धंदा मुलाम्याचा. म्हणजे काय? धातू विरघळलेलं पाणी टाकीत भरायचं, त्यात झिजलेला लोखंडी भाग टांगायचा आणि वीज सोडायची. पाण्यातला धातू हळूहळू त्या लोखंडावर येऊन बसतो. झिजलेलं पुन्हा भरून येतं!

वडील गेले, आणि त्यांची सेवा कुणी केली यावरून भांडण पेटलं. वाटणी झाली. थोरल्या महिपतकडे क्रोमची टाकी, धाकट्या गजेंद्रकडे निकेलची. मधे भिंत — एवढी उंच, की मांजरसुद्धा रस्त्यानं फिरून जायचं!

त्या उन्हाळ्यात गावच्या विहिरीवरचा पंप बंद पडला. आतला दांडा झिजून खोल चर पडलेली. पंपाची कंपनी केव्हाच बंद झालेली, नवा दांडा मिळेना. सरपंच हौसाबाई तो झिजलेला दांडाच घेऊन महिपतकडे आल्या.

"महिपतराव, गावात टँकरचं पाणी पुरत नाही हो. बाळंतिणीसुद्धा घागर घेऊन रांगेत उभ्या आहेत."

महिपतनं दांडा पाहिला. एवढी चर एकट्या क्रोमनं भरत नाही. जाड केलं की ते तडकतं. आधी निकेलनं भरायचं, मग वरून कडकपणासाठी क्रोम. सगळं ठाऊक होतं त्याला. पण निकेल कुठे? भिंतीपलीकडे!

मग काय केलं त्यानं? एकट्या क्रोमनंच भरलं. दांडा बसवला, पंप सुरू झाला — आणि संध्याकाळच्या आत टवके उडाले. पाणी पुन्हा बंद.

हौसाबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता बायकांना काय सांगू?"

महिपत खाली मान घालून बसला. मग उठला, दांडा खांद्यावर घेतला आणि रस्त्यानं फिरून भावाच्या दारात उभा राहिला.

"गजा, आत येऊ का?"

गजेंद्र पुढे झाला, चरीवरून बोट फिरवलं.

"एकट्यानंच केलंस ना, दादा?"

"हो. चुकलं माझं."

गजेंद्रनं दोन्ही हात पुढे केले. "आण इकडे. आधी तुझं क्रोम उतरवतो, नाहीतर माझं निकेल धरणार नाही. चर भरून देतो. पण वरचा थर तुलाच द्यावा लागेल. ते मला जमत नाही."

निकेल चढलं. मग दांड्याचं एक टोक थोरल्यानं धरलं, दुसरं धाकट्यानं, आणि भर दुपारी दोघं रस्त्यानं निघाले. गाव बघत राहिलं! क्रोम चढलं, घासून माप जुळवलं, पंप बसला. हौसाबाईंनी बटण दाबलं. नळ आधी खोकला, मग धो धो पाणी! बायकांनी घागरी भरल्या, आणि पहिली घागर दोघा भावांच्या डोक्यावर रिकामी केली!

तर मंडळी, आज या देवळात तुमचाही कुणी भाऊ दोन खांब सोडून बसलाय. माझ्याकडे काय बघता? त्याच्याकडे बघा. तुमच्या अबोल्यानं कुणाचं पाणी अडलंय, विचारा स्वतःला. उठा, त्याच्याशेजारी जाऊन बसा. मी थांबतो. टाळही थांबलेत. तुम्ही बसलात की मगच देवाचं नाव घेऊ.