महादेवप्पांची जांभळी

...नाही, मग माणसानं समजायचं तरी काय, तुम्हीच सांगा. सकाळी चहा पिताना बघितलेली फुलं, गुलाबी, नखाएवढी, तीन-तीन पाकळ्यांची, कुंडीभर उमललेली... आणि दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, उठून अंगणात यावं, तर एक फूल नाही. देठाला नुसता चिकट गोळा. फाटकाला कडी, कुत्रं नाही, शेळी नाही. मग फुलं गेली कुठं? देवाला. कुणाच्या देवाला? शेजारच्या. तुम्हाला सांगतो, चहाला उकळी यायच्या आत महादेवप्पांचा एवढा तपास पुरा झाला होता.

हे महादेवप्पा आमच्याच गल्लीतले, सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातले. सगळी नोकरी एस.टी.त तिकीट तपासण्यात गेली. आता ज्या माणसानं जन्मभर भरल्या गाडीत चढून प्रत्येक तोंडाकडं 'ह्याच्याकडं तिकीट नसणार' अशाच नजरेनं बघितलं, तो रिटायर झाला म्हणून त्याची नजर रिटायर होते का? दूधवाला आला की दूध बोटावर घेऊन बघणार, भाजीवालीच्या तराजूखाली वाकून बघणार, पाहुणा जरा वेळ मोरीत गेला तर दाराबाहेर खाकरत उभे राहणार. पाहुणे यायचे बंदच झाले की हळूहळू. आणि वर तोंडानं काय म्हणणार, तर "संशय न्हाई घेत मी. नुसतं विचारतोय."

तर ही जांभळी. त्यांची बायको भुवनेश्वरी, माहेर अक्कलकोटकडचं, बोलणं निम्मं कानडी आणि तेही कमीच. बहिणीकडून येताना तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून एक फांदी आणली. पान जांभळं, देठ जांभळा, म्हणून नाव जांभळी. पाण्याच्या पेल्यात घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, तर आठवड्यात मुळं. महादेवप्पांनी पेला उजेडाकडं धरला. "मातीबिगर मुळं? ह्यात कायतरी गडबड हाय." मग ती कुंडीत लावली, उन्हात ठेवली, तर आणखी गडद झाली. आपल्याकडं नळाला पाणी येतं चार दिवसांनी, उन्हाळ्यात तर विचारूच नका, गल्लीतल्या मोगऱ्यांनी, जास्वंदींनी माना टाकलेल्या आणि ही बया कुंडीच्या बाहेर लोंबतेय.

"हिला पाणी कोण घालतंय?"

"कुणी न्हाई," भुवनेश्वरी म्हणाली. "माती सुकली की मग जरासं घालायचं. लई पाणी सोसत न्हाई तिला."

"मग जगती कशावर?"

पुण्याला लेकीला फोन. लेक म्हणजे अंकिता, ती म्हणाली, "पप्पा, त्याला स्पायडरवर्ट म्हणतात." झालं. स्पायडर म्हणजे कोळी, कोळी म्हणजे जाळं, त्या दिवशी त्यांनी काठीनं एकेक पान उलटं करून बघितलं. आणि अंकितानं जाता जाता हेही सांगितलं, की ह्याच्या चिकानं काही काही माणसांच्या हाताला खाज सुटते. हे सांगितलं नसतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

कारण फुलांचं प्रकरण होतंय न होतंय तोच शेंडे जायला लागले. फुलांबद्दल भुवनेश्वरीनं सांगून बघितलं, "अवो, ती सकाळचीच असतात. ऊन चढलं की मिटतात, विरघळतात." तर हे म्हणाले, "फूल विरघळतं? साखर हाय का ती?" पण शेंड्याचं काय? शेंडा काही विरघळत नाही. देठ सरळ कापलेला, कात्रीनं. म्हणजे माणूस. म्हणजे चोर. म्हणजे... हाताला खाज.

आता मला सांगा, एप्रिल महिन्यात, सोलापुरात, कुणाला खाज सुटत नाही? महादेवप्पा गल्लीभर लोकांचे हात बघत हिंडायला लागले. इस्त्रीवाल्याचा हात हातात घेऊन उलटा-सुलटा केला, त्याला वाटलं भविष्य सांगतायत, त्यानं दुसरा पण पुढं केला. आणि नेमका शेजारचा इंद्रजीत, मोबाईलच्या दुकानाचा, फाटकात उभा राहून कोपर खाजवताना सापडला.

"काय झालं रे हाताला?"

"घामोळं आलंय काका."

"कोपराला?"

"सगळीकडंच आलंय की."

"न्हाई, संशय न्हाई घेत मी. नुसतं विचारतोय." आणि विचारता विचारता ह्यांची मान लांब झाली, आणि इंद्रजीतच्या खिडकीच्या गजाला टांगलेल्या डब्यात, तुम्हाला सांगतो, जांभळी. तीच पानं, तोच देठ.

"ही कुठनं आणली?"

इंद्रजीत पायातल्या चपलेकडं बघायला लागला. "मिळाली... अशीच."

अशीच कधी काय मिळतं का? महादेवप्पा तिथनं निघाले ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले. आणि बघतात तर काय, टेलरच्या दुकानापुढं जांभळी, इस्त्रीवाल्याच्या खोक्यावर जांभळी, कोपऱ्यावरच्या वैजयंतीबाईंच्या पायरीवर तर जांभळीची रांग. एकटा चोर नाही, टोळी. आख्खी गल्ली सामील. ते तसेच माघारी आले आणि इंद्रजीतच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत म्हणाले, "तुझ्या बापाला मी ओळखत होतो. सरळ माणूस. त्याच्या पोटी असला निपजला."

हा इंद्रजीत कोण? महादेवप्पा माढ्याला लग्नाला गेलेले असताना भुवनेश्वरीला चक्कर आली, तर तिला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेणारा, सलाईन संपेस्तोवर शेजारी बसणारा. तो सरळ आत गेला आणि दार लावलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं "काका, चहा झाला का" बंद. आणि भुवनेश्वरी जेवता जेवता म्हणाली, "त्या पोराला बोलायला नको होतं तुमी." तर हे काय म्हणाले? "तू मधी पडू नको. तुला काय म्हाईत?"

मग त्यांनी कुंडी उचलली आणि आत आणली. अंगणातनं थेट झोपायच्या खोलीत, कपाटाच्या आड. आणि प्रेमानं सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्या पाणी, तेही पिण्याचं.

"अवो, हितं उजेड न्हाई. कुजंल ती."

"कुजू दे, पण आत हाय ती."

पानं हिरवट पडली, देठ मऊ झाले, तरी हे खूश, कारण चोरी थांबली. थांबली कसली... एका दुपारी उठून बघतात तर आतल्या कुंडीचा, कपाटामागच्या कुंडीचा, उरलासुरला चांगला शेंडा गायब. दाराला आतनं कडी. आता आला का प्रश्न? बाहेरचा माणूस आला नाही, आतला माणूस गेला नाही आणि घरात माणसं दोन. त्यातला एक आपण.

दुसऱ्या दिवशी महादेवप्पा जेवून आडवे झाले, डोळे मिटले आणि खोटं घोरायला लागले. जरा वेळानं कपाटापाशी बांगड्या वाजल्या. एक डोळा उघडून बघतात तर भुवनेश्वरी. हातात शिलाईची कात्री. शांतपणे त्यातल्या त्यात बरा देठ शोधला, कापला, ओल्या फडक्यात गुंडाळला, बोटांना खोबरेल तेल चोळलं, पिशवी घेतली आणि दार लोटून बाहेर.

घोरणारा माणूस उठला. चपला हातात घेतल्या, डोक्यावर टॉवेल टाकला आणि त्या भर उन्हात बायकोच्या मागं मागं, भिंतीच्या कडेकडेनं. ती वैजयंतीबाईंच्या घरात शिरली. हे बाहेर, खिडकीखाली. आत गल्लीतल्या बायका जमलेल्या, चहा चाललेला, आणि मधेच एक बाई लई मोठ्यानं हसत होती. महादेवप्पांना कळेना ही कोण. तुम्हाला सांगतो, त्यांना खरंच कळेना. मग ती बाई बोलली, "शेंडा खुडला न्हाई तर नुसती लांब पळती ती. खुडा, मग बाजूनं फुटती. आन् खुडलेला टाकू नका, कुणालातरी द्या." आवाज भुवनेश्वरीचा होता. इतकी वाक्यं एका दमात ती घरात कधी बोलली नव्हती.

वैजयंतीबाई म्हणाल्या, "अहो, एकदा तुमच्याकडंच येतो की सगळ्या. मूळ झाड तर बघू."

आत कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नको," भुवनेश्वरी म्हणाली. "ह्यांना बीपी हाय. माणसं आली की चढतं. डॉक्टरनीच सांगितलंय."

महादेवप्पांना बीपी नाही. कधीच नव्हतं. डॉक्टरनं कधी काही सांगितलेलं नाही. खिडकीखाली उभं राहून त्यांनी आपल्या मनगटावर बोटं ठेवली, तेवढ्यापुरतं तरी खरं निघतंय का बघायला.

ती घरी आली तेव्हा हे पलंगावर बसलेले.

"त्या इंद्रजीतला तूच दिली व्हय?"

"व्हय."

"मग बोलला का न्हाई तो?"

"मीच सांगितलं होतं बोलू नको म्हणून. त्यानं शब्द पाळला." ती पिशवी खुंटीला लावत म्हणाली. "तुमी त्याचा बाप काढलात तरी पाळला."

पलंगावरनं उठून हे म्हणाले, "चहा टाकू का?" तर तिनं वळून त्यांच्याकडं असं बघितलं, असं बघितलं, की भरल्या गाडीत ह्यांनीसुद्धा कुणाकडं बघितलं नसेल. "का?" म्हणाली. "न्हाई... नुसतं विचारतोय."

त्या आठवड्यात जांभळी गेली. कुंडीत नुसता चिखल आणि काळे देठ. भुवनेश्वरीनं माती उन्हात पसरली. महादेवप्पा दोन वेळा इंद्रजीतच्या फाटकापर्यंत जाऊन माघारी आले, तिसऱ्यांदा कडी वाजवली.

"काय काका? आता काय गेलं?"

"काय गेलं न्हाई. माझं चुकलं, ते सांगायला आलोय. लोकांदेखत बोललो, लोकांदेखत सांगतो." रस्त्यावर तेव्हा नेमकं कुणी नव्हतं, एक इस्त्रीवाला तेवढा होता, तर ह्यांनी त्याला हाक मारून जवळ उभा केला आणि परत पहिल्यापासून सांगितलं. मग म्हणाले, "आमची कुजली. एक शेंडा देशील?"

इंद्रजीतनं फाटक उघडलं. मग आत गेला, कात्री आणली, दोन शेंडे कापले, आणि म्हणाला, "उन्हात ठेवा. आन् पाणी काकूंना घालू द्या."

नवीन जांभळी परत अंगणात आहे. आणि दर गुरुवारी गल्लीतल्या सगळ्या बायका आता महादेवप्पांकडं जमतात, त्यांनीच वैजयंतीबाईंना जाऊन सांगितलं की बीपी एकदम उतरलं. खुर्च्या ते मांडतात, चहा ते देतात. पण मग त्यांना बसायला जागाच उरत नाही, आणि उभे राहिले तर सवयीनं एकेकीच्या पिशवीकडं बघतात. म्हणून भुवनेश्वरीनं त्यांना बाहेरच्या पायरीवर बसवलंय. "सुम्न कुंड्री," म्हणाली, म्हणजे गप बसा, "आन् चपलांवर लक्ष ठेवा."

बसलेत मग. ऊन तोंडावर येतं, आतनं हसणं ऐकू येतं, चपला कुणी नेत नाही... पण बसलेत.