दोनशेची बाटली, आत दोन चमचे

नाही पण मला एक सांगा, विमानात हातातल्या सामानात शंभर मिलीलिटरच्या वर पातळ काही नेऊ देत नाहीत, तो नियम आतल्या मालाला की बाटलीला? तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो मी, खोकल्याचं औषध नुसत्या नजरेनं मोजून द्यायचो, आणि त्या विमानतळावर बूट काढलेले, पट्टा काढलेला, एका हातानं पँट धरून उभा, तर माझ्या लेकीच्या वयाची ती तपासणीवाली मला मिलीलिटर शिकवते! "काका, बाटली दोनशेची आहे." अगं बाई, बाटली दोनशेची, पण आत दोन चमचे...

सेंट हिचा. ही म्हणजे आमची सौभाग्यवती, गेली त्याला दीड वर्ष झालं. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून आणायची आणि मग कानामागे रोज एकच थेंब लावायची. सकाळी मी शर्टाची बटणं लावत असायचो, ही मागून नुसती गेली तरी खोली भरून जायची. दिवसभर मी स्पिरिट हुंगायचो, संध्याकाळी दार उघडलं की हा वास... काय दिवस होते हो! आता ती कंपनीही बुडाली, नवीन कुठून आणू?

आणि लेक परदेशात. फोनवर म्हणाली, "बाबा, आईचा फोटो आहे, आवाजही आहे मोबाइलमध्ये, पण तिचा वास आठवेनासा झालाय मला." हे ऐकल्यावर बाप काय करेल? बाटली तीन मोज्यांत गुंडाळून हातातल्या पिशवीत घेतली. मोठ्या बॅगेत कशी टाकू, ते लोक बॅगा कशा आपटतात बघितलंय ना?

तर ती तपासणीवाली म्हणते, कचऱ्याच्या टोपलीत टाका. मागचे गृहस्थ म्हणतात, आजोबा, आटपा. तिचा साहेब आला, बाटली उजेडात धरली, आत दोनच चमचे आहेत हे मान्य केलं, हळहळलासुद्धा, आणि म्हणाला, पण बाटली दोनशेची आहे. जन्मभर खिशात औषधाच्या छोट्या बाटल्या घेऊन हिंडलो, नेमकी त्या दिवशी एक नाही!

मग मी विचारलं, "अंगाला लावलेल्या सेंटला नियम आहे का?"

तिनं साहेबाकडे बघितलं. "नाही," म्हणाली.

बूच काढलं आणि ओतली. स्वेटरवर, गळ्यावर, होती नव्हती तेवढी. खरं सांगतो, रडलो मी तिथं, पँट धरून. वर ती म्हणते, काका, रिकामी बाटली चालते, घेऊन जा! म्हणजे इतका वेळ दोष बाटलीचा, आणि शेवटी पास कोण झालं? बाटलीच!

विमानात शेजारचा इतका शिंकला, की बिचारा जागा बदलून गेला. मी डोळे मिटून बसलो, आणि सहा तास, तुम्हाला सांगतो, ही शेजारी होती.

बाहेर लेकीनं मिठी मारली ती सोडेचना. जावई ट्रॉली धरून ताटकळत उभा. घरी पोचल्या पोचल्या तिनं माझ्या अंगातला स्वेटर काढून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, कपाटात ठेवला आणि वर कुलूप. धुवायचा नाही, घालायचा नाही. महिना झाला, बाहेर बर्फ पडतंय, एकुलता एक स्वेटर माझा... आता लेकीकडे तिची आई परत मागू कशी? हिंडतोय आपला जावयाच्या कोटात.