नोंदवहीतला पाचवा रकाना

नाव: शुभा रवींद्र गोखले. वय: ६७ वर्षे. धंदा: निवृत्त शिक्षिका. राहणार: फ्रीमाँट, कॅलिफोर्निया.

मी आज मंगळवार, दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी ११ वाजता शहर पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी पती रवींद्र यांच्यासह एकोणीस वर्षांपासून राहते. आमची मराठी शाळा दर शनिवारी भाड्याच्या हॉलमध्ये भरते. नोंदवही माझ्याकडे असते. तिच्यात मुलाचं नाव, पालकांचं नाव, फोन आणि पत्ता असे चार रकाने आहेत. पाचवा रकाना व्हिसाचा. तो मीच आखला. आमच्यात नवीन कुटुंब भेटलं की आधी गाव विचारतात आणि चहा यायच्या आत व्हिसा. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाला वकील हवा असतो, मदत करायला बरं पडतं म्हणून लिहून ठेवत गेले. सात वर्षांत त्यात काही वावगं वाटलं नाही. हा माझा गाढवपणा आहे. जबाब लिहून घेणारे अधिकारी म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हटलं, लिहा.

शनिवार, दि. ११ रोजी १०.४० वाजता पाठीवर 'पोलीस' लिहिलेलं जाकीट घातलेला एक माणूस हॉलमध्ये आला. दिवाळीच्या कार्यक्रमाच्या पार्किंगसाठी आमचं शहर पोलिसांशी बोलणं चालू होतं, म्हणून तो तिथलाच असं मी धरून चालले. त्याला बसवलं, उपमा दिला. त्याने मुलांची यादी मागितली, मी आपण होऊन नोंदवहीच उघडून पुढ्यात ठेवली.

तो उपमा खात पाचव्या रकान्यावरून बोट फिरवत होता. एका ओळीवर बोट थांबलं. तिथे माझ्या अक्षरात 'मुदत संपली, अर्ज चालू' असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. ही बाई आज आली आहे का, असं त्याने विचारलं. ती आमची शिक्षिका आहे, तिची मुलगीही शाळेत येते. ती त्याच हॉलच्या दुसऱ्या टोकाला मुलांना बाराखडी शिकवत होती. तिचं नाव मी सांगणार नाही.

मी विचारलं, तुम्ही शहराचे का? तो म्हणाला, नाही, फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा. मी ओळखपत्र मागितलं, ते दाखवलं नाही. न्यायाधीशांच्या सहीचं वॉरंट मागितलं, तेही नव्हतं. मी वही मिटून छातीशी धरली. त्याने ती ओढली. मी खुर्चीसकट पडले आणि माझं डावं मनगट मोडलं. वही सोडली नाही. तो निघून गेला. मला तेव्हा फक्त राग आला, भीती नंतर वाटली.

मुलं फळ्याकडे तोंड करून होती. मला पडताना पाहणारी एकटी ती शिक्षिका. रविवारी तिचा फोन आला. "काकू, मी येते, स्टेटमेंट देते." मी म्हटलं, "मुळीच यायचं नाहीस. माझा हात सहा आठवड्यांत जुळेल. तुला उचललं तर तुझ्या मुलीने कुणाकडे बघायचं?" ती म्हणाली, "आणि तो नेक्स्ट वीक दुसऱ्या शाळेत गेला तर?" मी फोन ठेवून दिला.

काल मी नाव न सांगता या ठाण्यात फोन करून विचारलं, की साक्षीदाराचे कागद बघता का. आज बसण्याआधी तोंडावर पुन्हा विचारलं. इथल्या पोलिसांना व्हिसा विचारायला मनाई आहे आणि साक्षीदाराबद्दल फेडरल खात्याला ते कळवत नाहीत, असं उत्तर मिळालं. ते इथे लिहून घ्यायला लावलं आहे. बाहेर रस्त्यावर काय होईल याची हमी ते देऊ शकत नाहीत, हेही त्यांनी सरळ सांगितलं.

नोंदवही पुरावा म्हणून देत आहे. पाचवा रकाना तिच्यात नाही. रविवारी रवींद्रने पानं धरली आणि मी उजव्या हाताने कात्री चालवली. एकशे अठरा कुटुंबं होती. त्या पट्ट्यांचं काय केलं, हे सांगायला माझा नकार आहे.

तो माणूस खरोखर कोण होता याचा शोध घेऊन त्याच्यावर कारवाई व्हावी, ही माझी तक्रार आहे.

जबाब संपत असताना ती शिक्षिका बाहेरच्या बाकावर येऊन बसलेली मला दिसली. मी उठून तिच्याकडे गेले आणि घरी जा म्हणून रागावले. ती म्हणाली, "काकू, माझं नाव मी स्वतः सांगते."

वरील मजकूर दुभाषी शिव पाटणकर यांनी मला मराठीतून मोठ्याने वाचून दाखवला. तो मी बोलले तसाच उतरला आहे, म्हणून सही करते. तिचं नाव यात नाही. ते तिच्या जबाबात येईल.