लगेच रंग सोडणारं केशर

(जळगाव जामोद. पूजेचं सामान आणि जडीबुटी विकणारं जुनं दुकान, भर दुपार. काउंटरच्या आत मार्तंडशेठ. बाहेर प्रेमला आणि तिची सून भार्गवी. सहा महिन्यांची इरा भार्गवीच्या खांद्यावर झोपलेली.)

भार्गवी : नाही काका, पुडी बांधू नका. आधी पाणी द्या. काचेच्या ग्लासात, साधं गार.

मार्तंड : माठातलं देतो ना, सूनबाई. उन्हातून आल्या तुमी.

भार्गवी : प्यायला नको. त्यात तुमच्या केशराच्या चार काड्या टाकायच्या आहेत.

प्रेमला : भार्गवी! अगं, तीस वर्षं झाली, या दुकानातून नेऊन राह्यलो आपण. उद्याच्या उष्टावणाले दोन ग्रॅम घ्यायचं आन् घरी जायचं. तांदूळ धुवून वाळवायचे आहेत, सकाळच्या गाडीनं तुझा भाऊ येईल बुलढाण्याहून. इथं काय शाळेतला प्रयोग मांडते?

भार्गवी : मामाच्या मांडीवर बसून खिरीचा पहिला घास इरा खाणार आहे, आई. प्रयोग इथेच होऊ दे.

मार्तंड : घ्या, हे पानी. करा चेकिंग. आपला माल खुल्ला हाये.

भार्गवी : टाकल्या. बघा आता.

प्रेमला : हं, बघ! टाकल्याबरोबर कसा लालभडक रंग सुटला. याले म्हणतात केशर. उगाच भल्या माणसाले...

भार्गवी : लगेच सुटला म्हणूनच ते केशर नाही.

मार्तंड : सूनबाई, जबान सांभाळून. गिऱ्हाईक उभे हायेत मांगं.

भार्गवी : उभे राहू द्या. त्यांनाही दिसू दे. खरं केशर गार पाण्यात दहा-पंधरा मिनिटं घेतं, आणि रंग पिवळा देतं. काडी मात्र लालच राहते. ही बघा, बोटावर घेतली. पांढरी पडली. धुतलेल्या दोऱ्यासारखी. आणि ही कोरडी काडी, जिभेला लावून बघा, आई.

प्रेमला : ...गोड लागते.

भार्गवी : केशर कडू असतं. वास गोड, चव कडू. याला वजनासाठी पाक लावलाय. काड्या कशाच्या, रंग कुठला, मला माहीत नाही. तेवढ्यासाठीच झोप उडाली आहे माझी.

प्रेमला : तू शिकली असशील कॉलेजात. पण माझे दोन्ही पोरं केशराच्या गुटीवरच वाढले की नाही?

भार्गवी : तेव्हाचं खरं असेल. आपली सहाण नीट बघितली का तुम्ही? जिथे गुटी उगाळता तिथे गुलाबी झाली आहे. घासून निघत नाही. इराच्या तीन झबल्यांवर गळ्याशी तसलेच डाग. केशराचा डाग पिवळा पडतो, आई. सहा महिने मी तो गुलाबी डाग धुते आहे.

प्रेमला : मंग बोलली काऊन नाही?

भार्गवी : बोलले होते. ती दीड महिन्याची होती. तुम्ही म्हणालात, पहिलटकरणीले सगळ्यात जहरच दिसते.

प्रेमला : ...म्हटलं असेन.

मार्तंड : वहिनी, तुमी कायले मनाले लावून घेता? भाव पाहा ना. दीडशे रुपये ग्रॅम. दीडशेत काय काश्मीरचं खेत येते? साडेचारशेवालं भी हाये आपल्यापाशी. वरच्या फळीवर.

भार्गवी : मग काढा ते. आणि दुसरा ग्लास द्या.

मार्तंड : काढतो. हे घ्या. या डबीले महिना महिना हात लागत नाई.

भार्गवी : चारच काड्या. आता थांबायचं.

प्रेमला : हे तर जुनं दिसते, भाऊ. पाणी जसंच्या तसं आहे.

मार्तंड : ऐका! ऐका सूनबाई, तुमीच ऐका आता. दोन सालापयले गनपतीत वहिनीनं हेच नेलं होतं. दुसऱ्या दिवशी वापस! चार बायायसमोर मले म्हने, मार्तंडभाऊ, मेलेला माल देला तुमी. मंग मी दुसरं काढलं, थे दुधात टाकलं, रंग भक्कन सुटला, तवा खुश झाल्या. खोटं असन तं सांगा, वहिनी.

प्रेमला : ...आणलं होतं वापस.

मार्तंड : आन् एकट्या याच नाई. सोनाळ्याहून बाया येते, संग्रामपूरहून येते. सगळ्यायले टाकल्याबरोबर रंग पायजे. मी असली माल ठिवून सडवू का? गिऱ्हाईक मांगते थे देतो.

भार्गवी : आईंना ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं.

मार्तंड : म्हंजे?

भार्गवी : मागच्या वर्षी तुमच्या विहंगचं उष्टावण झालं. मी आले होते, सातवा चालू होता मला. तुमच्या नातवाची खीर फिकट होती, जेमतेम पिवळी. आणि वाटीच्या तळाशी काड्या लालच्या लाल.

प्रेमला : हाव. परतताना मी तुले म्हटलं होतं, एवढे शेठ म्हणवतात आन् केशर टाकताना हात आखडला.

भार्गवी : हात नव्हता आखडला, आई. ते या वरच्या डबीतलं होतं. हो ना काका?

मार्तंड : ...घरचं घरी असते, सूनबाई.

भार्गवी : आणि ही खांद्यावर झोपली आहे, ती कुठली?

मार्तंड : आवाज कमी करा जरा.

भार्गवी : नाही करणार. ताई, तुम्ही कापूर घ्यायला थांबलात ना? या, पुढे या. हे दोन ग्लास बघा. हा लाल झालेला दीडशेचा. आणि या दुसऱ्याच्या तळाशी आत्ता कुठे पिवळी रेघ उतरायला लागली. घरी कुणी गुटीत घालत असेल तर आज जाऊन थांबवा.

मार्तंड : अरे, काऊन माह्या धंद्याच्या मांगं लागल्या? हे घ्या. डबीतलं दोन ग्रॅम न्या, फुकट. बाळाले माह्याकून आहेर समजा. विषय खतम.

भार्गवी : नको.

मार्तंड : असली हाये! आताच पायलं ना तुमच्या डोयानं?

भार्गवी : पाहिलं. आणि ही दीडशेवाल्याची बरणी? आम्ही आहेर घेऊन गप्प जायचं, ही इथंच राहायची, संध्याकाळी आणखी कुणी लेकुरवाळी यायची? चिठ्ठी लावा हिच्यावर. खाण्यासाठी नाही, असं लिहा. माझ्यासमोर.

मार्तंड : आन् नाई लावली तं?

भार्गवी : तर उद्या आमच्याकडे चाळीस बायका येणार आहेत. असेच दोन ग्लास मी खिरीच्या पातेल्याशेजारी मांडते. दुकानाचं नाव विचारलं तर सांगते.

मार्तंड : वहिनी, समजवा ना तुमच्या सुनेले! तीस सालाचा घरोबा हाये आपला.

प्रेमला : भाऊ, मी रोज सकाळी आंघोळ घालून या पोट्टीले मांडीवर घेते... या बोटानं चाटवते तिले. सहा महिने झाले. तुम्हाले माहीत होतं ना, कोणासाठी नेते?

मार्तंड : वहिनी, एवढ्याशानं काई होत नाई. चिमूटभर तं असते.

प्रेमला : दर वेळी पुडी बांधता बांधता विचारत होते तुम्ही, नात कशी आहे म्हणून.

मार्तंड : विचारत होतो. मनापासून विचारत होतो.

प्रेमला : मंग चिठ्ठी लावा.

मार्तंड : लावतो. कागद तं पाहू द्या.

प्रेमला : हा घ्या, माझ्या सामानाच्या यादीचा. मागून कोरा आहे. आन् मोठ्या अक्षरात लिहा. माझ्यासारखीले चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे.

मार्तंड : ...हे घ्या. लावली. झालं समाधान?

भार्गवी : परवा मी बाजारात येईन, तेव्हा बघेन ती जागेवर आहे का.

मार्तंड : येजा.

भार्गवी : आई, डबीतलं अर्धा ग्रॅम विकत घेऊ का? ते खरं आहे. साडेचारशेचं असलं तरी चालेल.

प्रेमला : खरं असेल. या दुकानातून माझ्या हातानं आज काही घेववत नाही. चाल.

भार्गवी : मग खीर पांढरीच होईल उद्या. शेजारच्या सिंधूताई पहिल्या घासालाच विचारतील. चार जणींत तुम्हाला नावं ठेवतील.

प्रेमला : विचारू दे. मी सांगीन त्यायले, तीस वर्षं केशर नेऊन राह्यली, पण ओळखता येत नव्हतं मले. तू मधात बोलू नको, मीच सांगीन.

भार्गवी : बरं.

प्रेमला : खांदा भरून आला असेल तुझा. ...इरेले देतेस का माझ्यापाशी?